ससेपालन : पुढचे वेत कधी घ्यायचे, मादीला उसंत किती द्यायची

चतुर्थी होऊन पाऊस ओसरू लागला की सत्तरी, डिचोली, पेडण्याकडच्या ससेपालकांचा एकच प्रश्न असतो : आता मादीला नर दाखवू का? दाखवा, पण नोव्हेंबर उजाडू द्या. सशाला १५ ते २५ अंश तापमान मानवते. ऑक्टोबरात दुपारचे ऊन तापते, हवेतला दमटपणाही पुरता गेलेला नसतो. गोव्यात पैदाशीचा भरवशाचा काळ नोव्हेंबर ते मार्च, आणि त्यात किती वेते बसवायची ते आत्ताच ठरवायला हवे.

ऑक्टोबर तयारीत घालवा. पावसाळाभर पिंजऱ्याखाली साचलेली लेंडी आणि मूत काढून चुना मारा. त्या उग्र वासानेच सर्दी-शिंका वाढतात. प्रत्येक जनावराचे कान आतून पाहा. खपल्या दिसल्या तर ती खरूज आहे, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मागच्या पायांचे तळवे सोललेला नर मादीवर नीट चढत नाही, म्हणून तळवेही तपासा. विण्याच्या पेटीसाठी यंदाच्या कापणीचा कोरडा पेंढा बाजूला ठेवा, कारण गेल्या वर्षीच्या पेंढ्याला पावसाळ्यात हमखास बुरशी धरते. नारळाच्या सोडणाचा काथ्या घालू नका. त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळले जातात.

न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला अशा जातींची मादी साधारण ५ ते ६ महिन्यांत आणि नर त्यानंतर महिनाभराने पैदाशीस घ्यावा. आठ-दहा माद्यांना एक नर पुरे, आणि त्याला आठवड्यातून दोन-तीनदाच वापरा. सकाळी लवकर मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या. उलट केले तर मादी आपल्या जागेत आलेल्या नराला चावून पिटाळते. तिचे जननांग लालसर, फुगीर असेल तर ती माजावर आहे; फिकट असेल तर दोन-तीन दिवस थांबा. संभोग झाला की नर एकदम बाजूला कोसळतो, ती खूण पाहिल्याशिवाय वहीत तारीख लिहू नका. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांवर येतो, त्यामुळे काही माद्या नाखूश असतात. शेडमध्ये रात्री नऊपर्यंत दिवा लावल्याने फरक पडतो.

ससीचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपले तर द्राक्षाएवढ्या मऊ गुठळ्या बोटांना लागतात. लेंड्या त्याहून लहान आणि टणक असतात. हात बसला नसेल तर दाबून पाहू नका, गर्भ सुटतो. सतराव्या-अठराव्या दिवशीच मादी केस उपटू लागली तर बहुधा ती खोटी गाभण आहे, तिला लगेच पुन्हा नर दाखवा. विण्याची पेटी अठ्ठाविसाव्या दिवशी ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. ससी व्याली की त्याच दिवशी पुन्हा नर घेते, गाभणही राहते. म्हणून काहीजण लगेच पुढचे वेत धरतात. माझ्या मते आपल्या हवेत आणि आपल्या चाऱ्यावर हे परवडत नाही. विसाव्या दिवसाच्या सुमारास दूध सर्वांत जास्त असते, तेव्हा मादी खाद्यातून मिळते त्याहून जास्त अंगातले देत असते. त्यात पोटात दुसरे वेत वाढत असेल तर पिल्ले कमी आणि हलकी होतात, आणि दोन-तीन वेतांत मादी बाद होते.

पहिलटकरणीला पूर्ण उसंत द्या. ५ नोव्हेंबरला दाखवली तर ती ६ डिसेंबरच्या आसपास विते. पिल्ले ३५ दिवसांनी, १० जानेवारीला आईच्या दुधापासून तोडायची, आठवडाभर तिला नुसते खाऊ-पिऊ द्यायचे आणि १७ जानेवारीला पुन्हा नर दाखवायचा. दुसरे वेत १७ फेब्रुवारीला, त्याची पिल्ले २४ मार्चला सुटी. हंगामात दोन वेते झाली, तिसऱ्याचा मोह नको.

भरल्या अंगाच्या, अनुभवी मादीला विण्यानंतर २१व्या दिवशी नर दाखवता येतो. मग ६ डिसेंबर, २७ जानेवारी आणि २० मार्च अशी तीन वेते बसतात. पिल्ले ३५व्या दिवशी तोडली की पुढच्या विण्याआधी तिला १७ दिवस कोरडे, म्हणजे पाजण्याविना, मिळतात. ते कमी करू नका.

पण तारखेपेक्षा पाठ जास्त खरे सांगते. कण्यावरून अंगठा फिरवा. मणके एकेक टोचत असतील तर तारीख आली तरी मादी थांबवा. मणके अजिबात लागत नसतील तर ती फार लठ्ठ झाली आहे, आणि चरबी धरलेली मादीही गाभण राहत नाही. म्हणून विश्रांतीतल्या मादीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम पेलेट (गोळीखाद्य) आणि बाकी सुकवलेला चारा पुरे. पाजणाऱ्या मादीला मात्र पोटभर द्या. पिल्ले मेली किंवा दुसऱ्या मादीखाली घातली असतील तर सडाला गाठ-सूज नाही हे पाहून आठवड्याभरात नर दाखवायला हरकत नाही. आणि आई पिल्लांपाशी बसत नाही म्हणून घाबरू नका, ती दिवसातून एकदाच, चार-पाच मिनिटे पाजते.

एप्रिल-मेमध्ये पैदास बंद ठेवा. पत्र्यांवर माडाच्या चुडतांचा जाड थर घाला, कुळागराची (माड-पोफळीच्या बागेची) सावली असेल तर नर तिकडे हलवा. ३० अंशांच्या वर नराचे वीर्य बिघडते आणि नवे तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. म्हणून जूनमध्ये हवा थंडावल्यावर दाखवलेल्या माद्या रिकाम्या राहिल्या तर त्यांना दोष देऊन विकून टाकू नका. जुलैअखेरीस त्याच माद्यांना त्याच नराकडे पुन्हा नेऊन पाहा. तेव्हा राहिल्या, तरी पावसाळ्यातल्या पिल्लांना रक्ती हगवण लवकर लागते, तेवढ्यासाठी पिंजऱ्याची जाळी रोज कोरडी ठेवावी लागेल.