बेंजो पार्टीच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना

मंडईतली बेंजो पार्टी, शारदेपुढचा पोट्ट्यांचा ऑर्केस्ट्रा, १४ एप्रिलची भीमगीतं, खंजिरी भजनांचे सामने. ऐंशी-नव्वदच्या दशकात खेड्यापाड्यांत हे सगळं कुणीतरी स्टेजच्या कडेला टेप ठेवून भरून घ्यायचं. अशा कॅसेटची बहुतेक वेळा दुसरी प्रत नसते, आणि आहे ती टिनाच्या छपराखाली पत्र्याच्या पेटीत पडलेली असते. त्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात रीळ ओल धरते, आणि मे महिन्यात छपराखाली तापून डबीच वाकलेली असते.

कॅसेट हाती आली की वाजवायची घाई नको. आधी मागच्या कडेचे दोन्ही कान (प्लास्टिकचे बारके तुकडे) मोडा, म्हणजे चुकून वरून काही भरलं जात नाही. ‘ए’ बाजू समोर आणि रीळ खाली धरली तर वरचा डावा कान ‘ए’चा, उजवा ‘बी’चा. कान आधीच मोडून त्यावर चिकटपट्टी लावलेली असेल तर ती काढा. प्लेऐवजी रेकॉर्डचं बटण दाबलं गेल्याने जेवढं पुसलं गेलंय, तेवढं बुरशीनेही खाल्लं नसेल.

मग खिडकीतून रिळाची कड उजेडात पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) घालूच नका, कारण तीच भुकटी हेडवरून, म्हणजे रिळावरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या कॅसेटना लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठ-दहा दिवस ठेवा. नंतर तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर, कोरड्या मऊ कापडाच्या चिमटीतून रीळ हाताने हळूहळू गुंडाळा. चकरी फिरवायला षटकोनी पेन्सिल पुरते.

डबीतला फेल्टचा बारका तुकडा तपासा. तो रीळ हेडवर दाबून धरतो. उन्हाळ्याने त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात, कॅसेट गेली. कॅसेट गेलेली नसते, डबी गेलेली असते. अशा वेळी रीळ दुसऱ्या डबीत घालायची. पाच स्क्रूची एखादी बिनकामाची कॅसेट घ्या, पांढऱ्या कापडावर ठेवून उघडा आणि आतली मांडणी मोबाईलवर टिपून ठेवा: कोपऱ्यातल्या फिरक्या, दोन्ही बाजूंचे पातळ प्लास्टिकचे कागद, फेल्टची पट्टी, तिच्यामागचा पत्रा. जुन्या चकऱ्या दोन्ही हातांनी एकदम उचलून तिथे बसवा. एक-एक उचलली की रीळ उलगडलीच म्हणून समजा. स्क्रू समान आवळा, पण करकचून नको. चकऱ्या घासून गती मंदावते. काही डब्या स्क्रूच्या नसून चिकटवलेल्या असतात. त्यांची शिवण ब्लेडने थोडी-थोडी सोडवावी लागते.

रीळ तुटली असेल तर घरातली साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. १/८ इंची स्प्लायसिंग टेप ऑनलाइन मिळते. दोन्ही टोकं तिरपी कापा, एकावर एक न चढवता टोकाला टोक भिडवा, आणि पट्टी आतल्या बाजूला लावा. बाहेरची बाजू हेडला घासते, तिथे काही लागता कामा नये.

डेक मेन्सवर चालणारा, जुना पण धड असलेला हवा. कॅसेटला यूएसबी लावून मिळणारे स्वस्त वॉकमन घेऊ नका. त्यांची गती डुलते आणि हेडचा कोन बदलायची सोय नसते. दर दोन-तीन कॅसेटनंतर हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. रबरी रोलर किंचित साबणाच्या ओल्या कापडाने पुसून वाळवा. पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर हेडजवळ आणायचंच नाही.

आता खरी गोम. प्रत्येक टेपच्या हेडचा कोन थोडा वेगळा असतो. गावातल्या टेपवर भरलेली कॅसेट आपल्या डेकवर वाजली की झांजा, खंजिरीच्या चकत्या आणि ‘स’चा उच्चार दबतो, तो या कोनामुळे. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो. डेकच्या दाराची पट्टी काढली की दिसतो. दोन्ही चॅनल मोनोत एकत्र करा, हेडफोन लावा, खंजिरी चालू असलेला तुकडा वाजवा आणि बारीक पेचकसने स्क्रू पाव फेऱ्याच्या आत इकडे-तिकडे फिरवा. एका जागी चकत्यांचा छनछनाट एकदम उघडतो. तिथेच थांबा. दुसरी कॅसेट घातली की पुन्हा हेच करायचं, ‘बी’ बाजूलासुद्धा. कंटाळवाणं आहे, पण इथे हरवलेला आवाज पुढे कुठल्याच इक्वलायझरने परत येत नाही. डेकवरचं डॉल्बीचं बटण (रिळाची सरसर कमी करणारं) बंद ठेवा. खेड्यातल्या साध्या टेपवर ते नव्हतंच.

डेकच्या लाइन आउटमधून लाल-पांढऱ्या पिनांची वायर लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डला जोडा. लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकात घातली तर ते माइकचं भोक असतं, आवाज फाटतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जरची घरघर जाते. ऑडॅसिटी या आवाज भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि फाइल डब्ल्यूएव्हीच ठेवा. साठ मिनिटांची कॅसेट स्टिरिओत सुमारे १ जीबी होते. सुरू करण्याआधी रीळ एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे आवळलेले वेढे सुटतात.

खेड्यातल्या रेकॉर्डिंगची खास भानगड म्हणजे सेल. लाइट गेलेले, टेप सेलवर, आणि पहाटेपर्यंत सेल उतरलेले. भरताना मोटर हळू चालली, म्हणून आज बरोबर गतीवर वाजवलं की गाणी पळतात आणि शेवटी-शेवटी शाहिराचा आवाज लहान पोरासारखा होतो. इथे पेटी, म्हणजे हार्मोनियम, कामाला येते. एका रात्रीत पेटीचा सूर बदलत नाही. सुरुवातीला गाणं काळी दोनमध्ये असेल आणि त्याच पेटीवर त्याच गायकाचं शेवटचं गाणं मधल्याच कुठल्या सुरात बसत असेल, तर चढली ती गती. अर्धा स्वर चढला असेल, म्हणजे काळीवरून शेजारच्या पांढरीवर, तर गती सुमारे ५.६ टक्के कमी करा. ‘चेंज पिच’ वापरू नका, गतीच बदला, कारण ताल आणि सूर दोन्ही एकत्रच पळालेले असतात. हळूहळू वाढत गेलेल्या चुकीसाठी ऑडॅसिटीत टाइम ट्रॅक आहे, त्यात गती थोडी-थोडी बदलता येते.

गतीची दुसरी खूण अॅम्प्लिफायरच्या भुंगेची, म्हणजे विजेमुळे येणाऱ्या सततच्या घुमण्याची. मेन्सवरची भुंग ५० हर्ट्झची. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख) ६५५३६ आकारावर पाहा. टेपवरची भुंग ५३ला दिसली तर गती ६ टक्के जास्त आहे. पण आपल्या डेकची स्वतःची भुंगही ५० वरच बसते, म्हणून आधी टेप थांबवून दहा सेकंद रेकॉर्ड करून ती ओळखून ठेवा. आणि कार्यक्रम जनरेटरवर झाला असेल तर या खुणेवर विसंबू नका, जनरेटरचे ५० कधीच नेमके ५० नसतात.

सफाईचा हात आखडता ठेवा. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या पुढे नेलं की झांजा पाण्यात बुडतात. भोंग्यातून फाटून आलेला बेंजोही तसाच राहू द्या. गाण्यांमधल्या अनाउन्समेंट कापू नका. ‘अमुक गावच्या पाटलांकडून अकरा रुपये बक्षीस, फर्माईश पुढीलप्रमाणे’, ‘ट्रॅक्टरवाल्यांनी वाट मोकळी करावी’ यातूनच गाव कळतं, वादक कळतात, साल अंदाजता येतं. कुठल्या मिनिटाला कोणाचं नाव आलं ते वहीत लिहा आणि एका संध्याकाळी जुन्या वादकांना बसवून ऐकवा. ढोलकी कोणाची हे ते दोन मात्रांत सांगतात. नेटवर टाकण्याआधी त्यांना विचारा. सिनेमाच्या गाण्यांवर हक्काचा दावा येऊ शकतो, हेही सांगा.

मूळ फाइलला हात न लावता दुरुस्तीची वेगळी प्रत करा. दोन हार्ड डिस्क ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर एमपी३ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कॅसेट मालकाला परत देताना रीळ पूर्ण एका बाजूला गुंडाळून द्या. ठेवायची उभी, धान्याच्या कोठीजवळ नाही आणि स्पीकरवर तर नाहीच.