लकव्यानंतर व्हीआर लावताय? मग या चुका टाळा

लातूर, नांदेड, बीडकडच्या घरांत अंगावरून वारं गेलेल्या माणसासाठी आता व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा आणि आत गेमचं आभासी जग दाखवणारा पडदा, येऊ लागलाय. बहुतेक वेळा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा पाठवतो. सुरुवातीला सगळं घर भोवती जमतं, आणि थोड्याच दिवसांत तो डबा कपाटावर जातो. दोष यंत्राचा क्वचितच असतो. ते कशासाठी वापरायचं हेच चुकलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हेडसेट आला म्हणून फिजिओथेरपी बंद करणं. त्यामागचं कारण मला समजतं. गावातून अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. पण कॉक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २४७० रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिल्यावर हाताच्या कामात ठळक जास्तीचा फायदा दिसला नाही. नेहमीच्या व्यायामावर व्हीआरची भर पडली आणि सरावाचा एकूण वेळ वाढला, तिथे मात्र फायदा दिसला. २०१६ च्या एव्हरेस्ट चाचणीत तर १४१ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना विई या यंत्रावरचे व्हिडिओ गेम दिले आणि उरलेल्यांना पत्ते, बिंगो, जेंगा असले खेळ. दोन्हीकडचे हात सारखेच सुधारले. म्हणजे पत्त्यांचा कॅट घरात असेल तर तोही काढा! हेडसेटचा खरा उपयोग ज्या दिवशी दवाखान्यात जाणं होत नाही त्या दिवशी. फिजिओने कोणती हालचाल करायला सांगितली आहे ते विचारून घ्या आणि तीच करायला लावणारा गेम निवडा.

चुकीचा डबा, चुकीचा गेम

मोबाईल आत सरकवायचा स्वस्त प्लास्टिकचा डबा या कामाचा नाही. मान कुठे वळली एवढंच त्याला कळतं, हात कुठे आहे ते कळत नाही. हाताच्या सरावासाठी स्वतःचे कॅमेरे असलेला, मेटा कंपनीच्या क्वेस्टसारखा हेडसेट लागतो. त्याचं वजन साधारण अर्धा किलो भरतं, त्यामुळे मानेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फिट येऊन गेली असेल किंवा पेसमेकर बसवला असेल तर विचारल्याशिवाय लावूच नका.

मग नातू गंमत म्हणून आजोबांना रोलर कोस्टर दाखवतो. आजोबांना मळमळतं, आणि पुन्हा कधी ते यंत्र डोक्यावर चढत नाही. डोळ्यांना शरीर पळतंय असं दिसतं, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ते जागेवरच असल्याचं कळतं. या विसंगतीमुळे गरगरतं. आपण एका जागी आणि वस्तू आपल्याकडे येतात, असेच गेम घ्या. पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटं पुरे. गरगरलं की लगेच काढायचं, ‘अजून थोडं’ म्हणायचं नाही.

स्कोअर वाढतो, हात तिथेच

ही चूक घरच्यांना दिसतच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेममध्ये हात पुढे नेऊन फुगा फोडायचा असतो. कोपर सरळ होत नाही म्हणून माणूस कमरेतून पुढे वाकतो किंवा खांदा कानापर्यंत उचलतो. फुगा फुटतो, गुण मिळतात, घर टाळ्या वाजवतं. गेमला फक्त हात पोचल्याचं कळतं, कसा पोचला ते नाही. असे शेकडो वेळा झाले की तीच वाकडी सवय पक्की होते.

उपाय साधा आहे. पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा. टॉवेल घसरला की शरीर पुढे गेलं. मग फुगा जवळ आणा किंवा पातळी कमी करा, रागावू नका. हेडसेटमधलं चित्र मोबाईलवर कास्ट करून शेजारी बसा, म्हणजे त्यांना काय दिसतंय ते तुम्हालाही दिसेल. सूचना इंग्रजीत असतात, आणि झटक्यानंतर काहींना बोललेलंही नीट उमगत नाही. अशा वेळी हालचाल आधी स्वतः करून दाखवा.

शेकडो हा आकडा मात्र वाईट नाही. अमेरिका-कॅनडातल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात फिजिओच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या होत्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसला तो रोज शेकडो वेळा केल्यावर. कंटाळा न येता ही संख्या वाढवणं, हेच व्हीआरचं काम. पण भाकरी थापणाऱ्या बाईला नुसते फुगे फोडून काय मिळणार? हेडसेट काढल्यावर लगेच थोडा वेळ खरं काम द्या: तांब्या उचलणं, शेंगा सोलणं, पीठ मळणं. ही पायरी गाळली तर गेममधला हात गेममध्येच राहतो.

हात दिसत नाही, डावीकडचं सुटतं

लकव्याचा हात मुठीत वळलेला असतो आणि मांडीवर पडलेला असतो. कॅमेऱ्यांना बोटं ओळखू येत नाहीत, गेममधला हात गायब होतो आणि पेशंट हिरमुसतो. समोर टेबल ठेवून हात त्यावर आणा, खोलीत भरपूर उजेड ठेवा. लाइट गेल्यावर अंधारात खेळायला बसवू नका. तरीही जमलं नाही तर हातात धरायचा कंट्रोलर द्या, पण रुमालाने करकचून बांधू नका. त्या हाताला स्पर्शच कळत नसेल तर कातडी सोलली तरी माणूस सांगणार नाही. तो हात ओढूनही नेऊ नका, निसटलेला खांदा आणखी दुखावतो. खांद्याच्या वर हात नेणारे गेम सुरुवातीला नकोत.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्यांचं कधी कधी डावीकडे लक्षच जात नाही. डावीकडचे फुगे सुटतात आणि घरचे म्हणतात, ‘आबा लक्षच देत नाहीत.’ आबा मुद्दाम करत नाहीत. फुगे मधून सुरू करून हळूहळू डावीकडे न्या, आणि त्या बाजूला बसूनच बोला.

खुर्ची आणि ऊन

शहाबादी फरशीवर प्लास्टिकची खुर्ची सरकते. जड, हाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत, आणि एक माणूस लकव्याच्या बाजूला बसलेला हवा. उभ्याने खेळायचं की नाही ते फिजिओ ठरवेल.

आपल्याकडे घाम आलेली प्रत्येक वस्तू अंगणात उन्हाला टाकायची सवय आहे. हेडसेट कधीच टाकू नका. भिंगातून ऊन आत एकवटतं आणि पडदा जळतो. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. मे महिन्याच्या दुपारी यंत्र स्वतःच तापून बंद पडतं. सकाळी लवकर घ्या, माणसालाही तेच बरं.

सत्राआधी बीपी बघा. डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर असेल तर आज सुट्टी. खेळताना अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दुसरी बाजू लुळी पडली किंवा जोरात डोकं दुखलं, तर हेडसेट काढा आणि १०८ ला फोन करा. तेल चोळत किंवा लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीटी स्कॅन असलेला दवाखाना कुठला हे आधीच ठरवून ठेवा, आणि माणूस शेवटचा ठीक किती वाजता होता ते तिथे पोचताच सांगा.