मावशीच्या फोनवर आईबाबांची 50 वर्षं

आईबाबांच्या लग्नाच्या 50व्या वाढदिवसासाठी पॉवरपॉइंटमध्ये फोटोंचं प्रेझेंटेशन केलं. मावशीच्या फोनवर मात्र मराठी अक्षरं विस्कटलेली, माझा आवाज गायब. म्हणून 'फाइल'मधल्या 'एक्सपोर्ट'मधून 'क्रिएट अ व्हिडिओ' केलं. पहिला व्हिडिओ नुसता पळत सुटला, कारण वेळ नोंदवलेली नसेल तर प्रत्येक स्लाइड 5 सेकंदच टिकते. मग एकेक स्लाइड निवांत बोलत रेकॉर्ड केली. स्लाइड बदलताना क्षणभर थांबायचं, तेवढ्या वेळात आवाज नोंदवला जात नाही; आईच्या माहेराबद्दलचे माझे दोन शब्द असेच तुटले होते, ते पुन्हा बोलले. फोनसाठी 720पी एवढी चित्राची स्पष्टता पुरे, फाइल हलकी राहते. व्हिडिओची एमपी4 फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, म्हणजे फोटो धूसर होत नाहीत. मावशीने रात्रीत दोनदा पाहिला.