रक्त थांबवताना संसर्ग घरी नेऊ नका: या चुका टाळा

संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात दुचाकीस्वाराचा गळा किंवा बोटं मांजाने कापली, की आधी धावतात ते मागून येणारे आणि पानठेल्यावरचे लोक. हात उघडे, खिशात फार तर रुमाल. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात आणि चेहरा पाहून ते ओळखता येत नाहीत. जखमी ओळखीचा असो की अनोळखी, काळजी तेवढीच घ्या.

ग्लव्ह्ज नाहीत म्हणून मागे सरू नका. जखमी शुद्धीवर असेल तर त्यालाच स्वतःच्या हाताने जखम दाबून धरायला सांगा. ते जमत नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा आणि स्वच्छ कापडाची जाड घडी दाबा. तोंडाला गुंडाळलेला घामट दुपट्टा अगदी शेवटचा पर्याय. हळद किंवा कॉफी पावडर जखमेत चेपू नका. त्यातले जंतू आत जातात आणि दवाखान्यात जखम धुणंही अवघड होतं.

ग्लव्ह्ज डिक्कीत कोंबून ठेवणं ही आपल्याकडची खास चूक. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की डिक्की भट्टीसारखी तापते. लॅटेक्स (साध्या ग्लव्ह्जचं रबर) चिकट होतं आणि ओढताच बोटांच्या बेचक्यात फाटतं. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) घ्या, तेही घरात किंवा ऑफिसच्या पेटीत ठेवा. घामेजल्या हातावर ते चढत नाहीत, म्हणून आधी हात पुसा.

खरी गडबड मात्र रक्त थांबल्यावर होते. माखलेल्या ग्लव्ह्जनेच मोबाइल काढून १०८ लावला जातो, तोच फोन कानाला लागतो आणि रात्री लेकराच्या हातात जातो. फोन दुसऱ्याला लावायला सांगा. ग्लव्ह्ज काढताना बोटांची टोकं ओढू नका, थेंब उडतात. एका हाताचा ग्लव्ह मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलून काढा आणि दुसऱ्या मुठीत धरा. मग उघडी बोटं दुसऱ्या ग्लव्हच्या आत, मनगटाच्या कातडीला लागून सरकवा आणि तोही उलटा काढा. पहिला त्यातच गुंडाळला जातो. नंतर साबण-पाण्याने किमान २० सेकंद हात धुवा. रक्ताने माखलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

फरशीवरच्या रक्तावर बादलीभर पाणी ओतून झाडू मारणंही चूकच, त्याने शिंतोडे पसरतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस तग धरतो. ग्लव्ह्ज घालूनच वर्तमानपत्राने रक्त टिपून घ्या, मग १ भाग घरगुती लिक्विड ब्लीच (साधारण ५ टक्क्यांचं) आणि ९ भाग पाणी ओतून १० मिनिटं थांबा आणि पुसा. हे पाणी त्या वेळेपुरतंच बनवा आणि त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. काचा हाताने वेचू नका, पुठ्ठ्याने सुपलीत ओढा आणि जाड बाटलीत बंद करा. पातळ पिशवीतली काच कचरागाडीवरच्या माणसाचा हात चिरते.

जखमीचा श्वास थांबला आणि छाती दाबावी लागली, पण तोंडाने श्वास द्यायची भीती वाटत असेल तर नुसती छाती दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

सुई टोचली किंवा आपल्याच चिरेवर रक्त लागलं तर बोट तोंडात घालू नका, पिळू नका, डेटॉलही लावू नका, साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं साध्या पाण्याची धार सोडा. मग त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हेही तिथे सांगा. झाली नसेल तर ० / १ / ६ महिन्यांचे तीन डोस पुरे करा. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीवर लस नाही.