जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतलीत? आधी तास मोजा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघते. तिथे कॉम्प्रेसरचं तेल कधी बदलायचं हे तो किती तास चालला यावर ठरतं. गाडीच्या बाबतीत मात्र आपण फक्त किलोमीटर बघतो, आणि वापरलेली वेगवान गाडी घेतली की हेच सगळ्यात जास्त नडतं. माझ्याकडे २०१७ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे, म्हणजे साध्या ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटनमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अशा गाड्या ‘भरवशाच्या नाहीत’ असं सर्रास बोललं जातं. माझं मत वेगळं आहे. इंजिन मजबूत आहे, पण त्याची देखभाल आपल्या उन्हाच्या आणि ट्रॅफिकच्या हिशेबाने कोणी करत नाही.

आधी तो हिशेब करून बघा. जालना रोडवर सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर पडला, तर १०,००० किलोमीटरमध्ये इंजिन ५०० तास चालतं. तीच गाडी समृद्धी महामार्गावर ताशी १०० ने गेली, तर तेवढ्याच अंतराला १०० तास लागतात. ओडोमीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच, पण एकीच्या तेलाने पाचपट काम केलेलं असतं, तेही बंपरला बंपर लावून, बोनेटखाली वारा न लागता. गाडी ताब्यात आली की डिस्प्लेमधली लाँग टर्म मेमरी (सरासरी वेग, अंतर यांची लांब मुदतीची नोंद) शून्यावर आणा, महिनाभर नेहमीसारखी चालवा आणि सरासरी वेग वहीत लिहा. पुढची सगळी वेळापत्रकं त्या एका आकड्यावरून ठरवता येतात.

विकत घेण्याआधी गाडी थंड इंजिनवर बघायलाच हवी. मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर बोनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. चालू करताच एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) आणि साखळीची तपासणी झाल्याशिवाय पैशांचं बोलू नका. व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन (गाडीचे कॉम्प्युटर वाचणारे स्कॅनर) असलेला माणूस सोबत न्या. सगळे कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, स्कॅन करून घ्या, नुसतं इंजिनाचं नको. एकही जुना फॉल्ट दिसत नसेल तर तेही तपासण्यासारखं आहे, कारण आदल्या दिवशी सगळं पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम असतं.

फाइलमध्ये कितीही शिक्के असले तरी गाडी घरी आली की सगळी द्रवं एकदा नवी भरून घ्या: इंजिन ऑइल, डीएसजी ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड. सोबत एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, स्पार्क प्लग. खर्च एकदम अंगावर येतो हे खरं, पण त्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीची तारीख तुमची स्वतःची असते. गाडी घेतानाच किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम यासाठी बाजूला काढून ठेवा, आणि दरवर्षी थोडी भर घालत राहा. ती जमत नसेल तर थोडं थांबा आणि पुढच्या वर्षी घ्या.

इंजिन ऑइल. कंपनीचं वेळापत्रक १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. शहरात चालणाऱ्या गाडीसाठी हे फार झालं. मी ७,५०० किलोमीटरला बदलते, आणि तेवढं चालणं झालं नाही तरी वर्षाच्या आत बदलतेच. डब्यावर ‘फुल सिंथेटिक’ लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. मागच्या बाजूला व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन, स्कोडाची मूळ कंपनी) ५०२ ०० किंवा ५०४ ०० हा मानांक छापलेला हवा. पावणेसहा लिटरच्या आसपास तेल बसतं, म्हणजे पाच लिटरचा एकच डबा आणून चालत नाही. डिपस्टिक महिन्यातून एकदा बघा: गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केलेलं, आणि तेल खाली उतरायला काही मिनिटं दिलेली. या इंजिनांत थोडं तेल जळतं. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत कंपनीचं पुस्तकच चालवून घेतं. मला तो आकडा जास्त वाटतो. महत्त्वाचं हे की तुमच्या गाडीचा नेहमीचा खप किती आहे हे तुम्हाला माहीत असावं. तो अचानक वाढला तर कारण शोधता येतं. सकाळी तेलाचं तापमान ८० अंशांवर जाईपर्यंत एक्सलेटर दाबू नका. ते तापमान डिस्प्लेवर दिसतं आणि कूलंटपेक्षा बऱ्याच उशिरा चढतं.

आता कूलिंग. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, आणि या इंजिनाची सगळ्यात हळवी जागा नेमकी तीच आहे. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) एकाच प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या खाली बसवलेले आहेत. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन ते प्लास्टिक किंचित वाकतं, आणि मग सील धरत नाही. सुरुवातीची गळती जमिनीवर दिसतही नाही, कारण थेंब गरम भागावर पडून वाळतो. खुणा अशा: गाडी लावल्यावर बोनेटजवळ गोडसर वास येतो, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे गुलाबी-जांभळा पापुद्रा दिसतो, आणि टाकीतली पातळी दर महिन्याला थोडी खाली जाते. म्हणून कूलंटच्या टाकीवर मी मार्करने रेघ मारून ठेवली आहे आणि दर रविवारी इंजिन गार असताना ती बघते. रेघेखाली गेलं तर नळाचं पाणी ओतून पातळी भरू नका. कंपनीने सांगितलेल्या मानांकाचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढंच. पंप बदलायची वेळ आली की त्याला फिरवणारा छोटा दातेरी पट्टा आणि थर्मोस्टॅटही त्याच वेळी बदला. तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी भागाइतकीच लागते, मग ती दोनदा का द्यायची? पार्ट मिळण्याची चिंता नको. इंजिन ईए८८८ या मोठ्या कुटुंबातलं आहे, त्याचेच भाऊबंद १.८ लिटरच्या ऑक्टाव्हियात आणि सुपर्बमध्ये आहेत. फक्त चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर जुळवून घ्या.

एक तपासणी घरच्या घरी होते. इंजिन चालू ठेवून ऑइल फिलरचं झाकण उघडायचा प्रयत्न करा. ते आतून ओढून धरल्यासारखं घट्ट लागलं किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या पोटातल्या वाफा परत इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) पडदा फाटलेला असू शकतो. तो वेळेत बदलला तर काम छोटं असतं. तसाच ठेवला तर क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील गळायला लागतं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

डीएसजीबद्दल लोक सर्वात जास्त घाबरलेले असतात, म्हणून थोडं सविस्तर. भारतात ज्या डीएसजीचं नाव खराब झालं तो सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीक्यू२००. व्हीआरएसमधला डीक्यू२५० सहा गिअरचा आहे आणि त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात. त्याचं आयुष्य त्या तेलावर आहे. ते दर ६०,००० किलोमीटरला फिल्टरसकट बदलायचं असतं. तुंबलेल्या शहरात मी ५०,०००लाच बदलेन. काम कुठे द्यायचं हे ठरवण्यासाठी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा: ‘तेलाची लेव्हल किती तापमानाला बघता?’ बरोबर उत्तर असं: इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट लिफ्टवर, गिअरबॉक्सचं तेल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना, आणि तापमान स्कॅनरवर वाचून. ‘जेवढं काढलं तेवढं भरतो’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा, कारण आधी किती तेल होतं हे कुणी मोजलेलं नसतं.

चालवण्याची सवयही देखभालच आहे. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकत राहिलं की क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि तेल तापतं. त्यापेक्षा ब्रेक नीट दाबून थांबा, दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. चढावर एक्सलेटरने गाडी तोलून धरू नका.

टायरांवर माझा विशेष जोर आहे, समृद्धीमुळे. ताशी १२० ची मर्यादा, तापलेलं काँक्रीट, तासन्‌तास एकच वेग. हवा कमी असलेल्या टायरची भिंत सतत दुमडत राहते, आतून तापते आणि फाटते. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, पूर्ण माणसं आणि सामान असेल तर फ्युएल कॅपच्या आत लिहिलेला जास्तीचा आकडा धरा. टायरच्या कडेला चार अंकांत त्याची जन्मतारीख असते. ‘३४१९’ म्हणजे २०१९चा ३४वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. जुन्या गाडीला विक्रीआधी चकाचक दिसणारे पण जुन्या तारखेचे टायर बसवलेले मी पाहिले आहेत. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि कन्नडच्या घाटातून खाली उतरताना तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. उतारावर स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घ्या, ब्रेकला श्वास मिळतो.

पावसाळ्याआधी वायपरखालची जाळी उघडून पानं-कचरा काढा. तिथलं पाणी जाण्याचं भोक तुंबलं तर पाणी आत वायरिंगपर्यंत आणि पायाखालच्या गालिच्यापर्यंत पोहोचू शकतं. बॅटरी अशक्त झाली की डॅशबोर्डवर एकाच वेळी असंबद्ध दिवे लागतात. सेन्सर बदलायला जाण्याआधी बॅटरी मोजून घ्या.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं भरा. त्याहून कमी ऑक्टेनचं भरलं तर इंजिन नॉक (इंधन आपोआप पेटून बसणारा ठोका) ओळखून ठिणगीचं टायमिंग मागे घेतं. मोडत काही नाही, पण ज्या ताकदीसाठी गाडी घेतली ती मिळत नाही आणि उन्हाळ्यात इंजिन जास्त तापतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

रीमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. डीक्यू२५० मूळ रचनेतच ३५० न्यूटनमीटरसाठी बनवलेला आहे, आणि हे इंजिन जसं कारखान्यातून येतं तसंच ३५० देतं. म्हणजे राखीव फारसं काही नाही. आधीच्या मालकाने रीमॅप करून विकण्याआधी मूळ फाइल परत टाकली असेल, तर ओळखीच्या ट्यूनरकडून ईसीयूचा (इंजिनाचा कॉम्प्युटर) फ्लॅश काउंटर, म्हणजे प्रोग्रॅम किती वेळा बदलला त्याची मोजणी, वाचून घ्या. तो वाढलेला दिसला आणि कंपनीच्या अपडेटची नोंद फाइलमध्ये नसली, तर क्लच घसरतो का ते बघा: मॅन्युअल मोडमध्ये चौथ्या गिअरला, २,००० आरपीएमपासून पूर्ण एक्सलेटर. आरपीएम उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच पॅकची किंमत मालकाने मागितलेल्या रकमेतून वजा करा, नाहीतर ती गाडी सोडून द्या.