‘माझी पद्धत’ कशी लिहावी: समुपदेशकांसाठी

समुपदेशकांच्या माहितीपत्रकात ‘माझी पद्धत’ या शीर्षकाखाली जो मजकूर असतो, तो बहुतेकदा दुसऱ्या समुपदेशकालाच कळतो. ‘सीबीटी, आरईबीटी, एसीटी आणि माइंडफुलनेस यांचा समन्वय, होलिस्टिक दृष्टिकोन, नॉन-जजमेंटल सेफ स्पेस.’ रात्री अकराला मोबाइलवर हे वाचणाऱ्या माणसाचा प्रश्न साधा असतो: मी तिथं जाऊन बसलो की नेमकं काय होणार? त्याचं उत्तर यातल्या एकाही शब्दात नाही.

म्हणून लिहायला बसताना पद्धतींची नावं आधी बाजूला ठेवा. गेल्या महिन्यातल्या दहा सेशन्सच्या नोंदी काढा आणि प्रत्येकीपुढे तुम्ही जे प्रत्यक्ष केलं त्याची क्रियापदं लिहा: ऐकून परत सांगितलं, कागदावर मांडलं, भूमिका करून सराव घेतला, गप्प राहून थांबलो, गृहपाठ दिला. दहापैकी सात-आठ नोंदींत जे येतं, ती तुमची पद्धत. दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकलेलं आणि वर्षभरात एकदाच वापरलेलं तंत्र या यादीत आपोआप गळतं. गळू द्या. ‘इक्लेक्टिक’ (अनेक पद्धतींतून निवडून घेणारा) लिहिण्याचा मोह इथंच होतो. दोन पद्धती खरोखर वापरत असाल, तर कोणती कधी वापरता हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर तो समन्वय नव्हे, मिसळ आहे.

आता शंभरेक शब्दांचा परिच्छेद लिहा. किती वेळा आणि किती वेळ भेटायचं, पहिल्या भेटींत काय होतं, मधलं काम कसं चालतं, घरी काय करावं लागतं, आणि फरक पडतोय की नाही हे कधी तपासता, या क्रमाने. विचारांवर काम करणाऱ्या समुपदेशकाचा परिच्छेद असा होऊ शकेल:

‘आपण आठवड्यातून एकदा ५० मिनिटं भेटतो. पहिल्या दोन भेटींत मी जास्त प्रश्न विचारते: त्रास कधीपासून आहे, कधी वाढतो, झोप आणि भूक कशी आहे. तिसऱ्या भेटीपासून त्या आठवड्यातला एक प्रसंग घेऊन आपण तो चार रकान्यांत मांडतो: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, मग तुम्ही काय केलं. मनात आलेला विचार कितपत खरा आहे, हे दोघं मिळून तपासतो. दोन भेटींच्या मध्ये रोज दहा-पंधरा मिनिटांचा गृहपाठ असतो. तो झाला नाही तर रागावत नाही, पण का झाला नाही ते विचारते. सहाव्या भेटीत थांबून बघतो की फरक पडतोय का. पडत नसेल तर पद्धत बदलायची की दुसऱ्या तज्ज्ञांकडे जायचं, हे बोलतो.’

यात सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत) हा शब्द नाही. तो शेवटी कंसात टाका, शोधणाऱ्याला सापडेल.

सर्वनामाकडे नीट बघा. ‘आम्ही तुमच्यावर उपचार करू’ म्हटलं की माणूस खाटेवर झोपतो. ‘आपण मिळून’ हे मराठीला इंग्रजीपेक्षा सोपं जातं, पण ‘आपण’ आदरार्थीही आहे. ‘आपण आपले विचार लिहून आणावेत’ यात काम कुणाचं, हे कळत नाही. वाचकाला ‘तुम्ही’ म्हणा आणि ‘आपण’ फक्त दोघांसाठी राखून ठेवा.

प्रत्येक पद्धतीचा घोळ वेगळा होतो. आरईबीटी (अविवेकी समजुती तपासून बदलणारी उपचारपद्धती) महाराष्ट्रात मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीतच रुजली, त्यामुळे तिची परिभाषा तयार आहे: विवेकनिष्ठ विचार, अविवेकी समजुती. वर्गात ती उत्तम. पण ज्या बाईला घरात रोज ‘तू फार विचार करतेस, तुझंच चुकतं’ हे ऐकावं लागतं, तिला ‘तुमचे अविवेकी विचार बदलू’ हा त्याच सुरातला पुढचा आवाज वाटतो. ‘ज्या विचारांमुळे तुम्ही अडकता ते शोधू’ असं लिहा. आरईबीटीचे जनक अल्बर्ट एलिस यांचा एबीसी आराखडा उदाहरणातून दाखवा: साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही (घटना), ‘मला काढणार’ (समजूत), रात्रभर जागरण (परिणाम).

कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीने काम करणाऱ्यांची अडचण उलटी. ‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ बसलाय. लोक सल्ला घ्यायला येतात, तो मिळत नाही, आणि दुसऱ्या भेटीला फिरकत नाहीत. म्हणून पहिल्या दोन वाक्यांतच सांगा: ‘लग्न मोडावं की टिकवावं हे मी सांगणार नाही. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते ऐकू येईपर्यंत मी सोबत बसेन.’

ओसीडीसाठी (नकोसे विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार) एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन (भीतीला सामोरं जाऊन ती कृती न करण्याचा सराव) करत असाल, तर सुरुवातीला अस्वस्थता वाढते हे लपवू नका. दाराच्या कडीला हात लावून न धुता थांबायचं आहे, हे ऐनवेळी कळलेला माणूस उपचार सोडण्याची शक्यता जास्त. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) करणाऱ्यांनी ‘हे संमोहन नाही, तुम्ही पूर्ण जागे असता, हात वर करून कधीही थांबवू शकता’ ही ओळ टाकावी. आठ टप्प्यांपैकी पहिले दोन इतिहास आणि तयारीचे असतात, हेही सांगावं. नाहीतर ‘डोळे कधी फिरवायचे?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. मनोगतिक (नेणिवेतल्या जुन्या गाठी शोधणाऱ्या) पद्धतीत काम महिनोन्‌महिने, कधी वर्षंही चालतं. ते आकड्यात लिहा.

काही दावे नुसते कच्चे नसतात, अडचणीत आणणारे असतात. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची (कायदा १९९२ चा) नोंदणी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजीतली नुसती एम. ए. पुरत नाही. नोंदणी असेल तर क्रमांक द्या, नसेल तर ‘समुपदेशक’ लिहा, त्यात कमीपणा नाही. ‘शंभर टक्के गोपनीयता’ लिहू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, पण जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे अपवादही सांगतो. बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं पोक्सो कायद्याने (२०१२) बंधनकारक आहे. हे अपवाद दोन ओळींत आधीच सांगितले, तर पुढे विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही. ‘औषधांशिवाय डिप्रेशन बरं’ हे वाक्य तर छापूच नका. गोळ्या चालू असलेला वाचक ते वाचून परस्पर बंद करू शकतो. त्याऐवजी ‘गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, औषधांबाबत तेच ठरवतात.’

तुम्ही रात्री फोन उचलत नसाल तर तेही लिहा आणि त्याखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो २४ तास चालतो.

मजकूर झाला की या क्षेत्रातल्या नसलेल्या कुणाला तरी, शेजारच्या काकूंना चालेल, एकदाच वाचून दाखवा. मग कागद मिटून विचारा: तिसऱ्या भेटीत काय होईल? ‘काहीतरी बोलतील’ असं उत्तर आलं, तर मधला भाग पुन्हा लिहा.