दुसऱ्याच्या चुकांचा ताण घरी नेऊ नका

मी लेखा विभागात आहे. महिनाअखेरीला सहकाऱ्यांकडून माझ्याकडे येणाऱ्या शीटमध्ये कधी एकच बिल दोनदा धरलेलं असतं, तर कधी बेरजेच्या सूत्रातून शेवटची ओळ सुटलेली असते. डोकं फिरतंच. पण चिडण्याआधी एवढं बघा: त्या माणसाला काम येत नाही, की करायचंच नाही?

येत नसेल तर शेजारी बसा आणि त्याच्याच हातून करून घ्या. माउस आपल्या हातात घेऊ नका. आणि चुका गुपचूप दुरुस्त करणं बंद करा. चांगली माणसं इथेच पिचतात. चुकीच्या ओळीला रंग द्या, शेजारी शेरा लिहा, शीट परत पाठवा. मुदत अगदी गळ्याशी आली असेल तर स्वतः दुरुस्त करा, पण काय बदललं ते त्याला आणि वरिष्ठांना कळवा.

टाळाटाळ करणाऱ्याशी सगळं लेखी ठेवा. बोलणं झालं की लगेच मेल: ‘ठरल्याप्रमाणे विक्रीचे आकडे तुम्ही गुरुवारी चारपर्यंत देणार, त्यानंतर मी ताळा करणार.’ साहेबांकडे जायची वेळ आलीच, तर त्याच्या स्वभावाचं गाऱ्हाणं नको. आकडे न आल्याने काय अडलं, तेवढंच सांगा.

तरी रात्री अंथरुणात तेच घोळत राहतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं, की अर्धवट कामाची नेमकी योजना ठरवली तर त्याचे विचार मधेमधे येऊन छळत नाहीत. काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. म्हणून निघण्यापूर्वी वहीत लिहा: ‘उद्या दहाला फोन, अकरापर्यंत आकडे नाहीत तर साहेबांना मेल.’ मला याचा फार उपयोग होतो.

अपमान, धमक्या, चारचौघांत पाणउतारा हे मात्र सांभाळून घेऊ नका. तारीख, वेळ, शब्द, समोर कोण होतं ते टिपून ठेवा आणि एचआरकडे लेखी तक्रार द्या.

कायमचा थकवा, कामाबद्दल तिटकारा आणि ‘माझ्याने काही होत नाही’ ही भावना, ही बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार खचून जाण्याची, लक्षणं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नोंदवली आहेत. ती स्वतःत दिसू लागली तर सहकाऱ्याला सुधारण्याचा नाद तूर्त सोडा. रजा घ्या, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.